मिलिआरिस गेली कुठे? एका प्लँक्टन रजिस्टरमधल्या नावांच्या भांडणाचं प्रकरण

मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका कॉलेजात एमएस्सीच्या प्रोजेक्टमधल्या एका ग्राफवरून भांडण झालं, त्याचं हे प्रकरण. कॉलेजचं नाव देत नाही, माणसांचीही देत नाही, सगळे अजून एकमेकांशी बोलतात आणि ते तसंच राहिलेलं बरं. माझा संबंध एवढाच की डेटा साफ करायला मला बोलावलं होतं, छोटंसं काम आहे म्हणून, आणि त्या छोट्याशा कामातून सूक्ष्म शैवालांच्या नावांचा दोनशे वर्षांचा पसारा बाहेर आला.

आधी ग्राफ काय होता ते सांगते. कॉलेजकडे एक जुनं रजिस्टर आहे, ऐंशीच्या दशकापासूनचं, कापडी बाइंडिंगचं. वेसाव्याची जेटी, माहीमचा उपसागर, गोराईची खाडी अशा ठिकाणी प्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, पकडायचं नेट ओढायचं, सॅम्पल फॉर्मलिनमध्ये घालायचं, लॅबमध्ये सेज्विक राफ्टर सेल या मोजणीच्या काचपट्टीत घेऊन मायक्रोस्कोपखाली मोजायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं, असं दरवर्षीच्या मुलांनी केलेलं. सुरुवातीला हे झूऑलॉजीवाले करायचे, मग तिथला स्टाफ कमी होत गेला आणि रजिस्टर बॉटनीकडे आलं. हा प्रोजेक्ट करणाऱ्या मुलीने ते सगळं एक्सेलमध्ये टाइप केलं, जे खरंच किचकट काम आहे कारण अर्धी अक्षरं डॉक्टरांच्या चिठ्ठीसारखी, आणि मग प्रत्येक स्पीशीजची एकेक रेघ काढली. त्यात नॉक्टिल्युका या समुद्रात रात्री चमकणाऱ्या बारीक जिवाच्या दोन रेघा आल्या. नॉक्टिल्युका मिलिआरिस बरीच वर्षं भरभरून दिसते आणि मग एका वर्षी एकदम शून्य. त्याच वर्षी नॉक्टिल्युका सिंटिलान्स कुठूनतरी उगवते आणि तिथून पुढे तीच.

मुलीने डिस्कशनमध्ये लिहिलं की शहराचं सांडपाणी आणि वाढतं तापमान यामुळे मिलिआरिसची जागा सिंटिलान्सने घेतली असावी. वाचायला छान वाटतं. संदर्भ पण जोडले होते, सांडपाण्यावरचे वेगळे, तापमानावरचे वेगळे. एक्स्टर्नलने व्हायव्हात एकच प्रश्न विचारला, "मिलिआरिस गेली कुठे?" आणि मुलगी गाइडकडे बघायला लागली, गाइड मॅडम कागदाकडे.

कारण मिलिआरिस कुठेच गेली नव्हती. दोन्ही नावं एकाच जिवाची आहेत. ज्या वर्षी ती "नाहीशी" झाली त्या वर्षी रजिस्टर झूऑलॉजीच्या कपाटातून बॉटनीच्या कपाटात गेलं होतं, बस. समुद्रात काही झालं नव्हतं, मजला बदलला होता.

इथे प्रकरण संपायला हवं होतं. एक ओळ दुरुस्त करायची, दोन रेघांची एक करायची. पण एक कुठल्या नावाने करायची यावर झूऑलॉजीचे निवृत्त सर, ज्यांनी हे रजिस्टर सुरू केलं, आणि बॉटनीच्या मॅडम, यांचं जुंपलं. सर म्हणाले मिलिआरिस. मॅडम म्हणाल्या सिंटिलान्स. आणि मुलीचं सबमिशन लटकलं.

हा जीव नक्की काय आहे

नॉक्टिल्युका म्हणजे एकपेशीय जीव, पण एवढा मोठा की नुसत्या डोळ्यांना दिसतो, साधारण अर्धा मिलिमीटर, कधी कधी एक मिलिमीटरपर्यंत आणि क्वचित त्याहून मोठा. बाटलीत पाणी घेऊन उजेडात धरलं की भिजवलेल्या बारीक साबुदाण्यासारखे दाणे तरंगताना दिसतात. गट डायनोफ्लॅजेलेट, पाण्यातल्या एकपेशीय जीवांचा. या गटातले बरेच जण स्वतःचं हरितद्रव्य बाळगून असतात, याच्याकडे मात्र स्वतःचं क्लोरोप्लास्ट नाही, एक शुंडेसारखा टेन्टॅकल आहे आणि त्याने तो डायटम (सिलिकाच्या कवचाचं एकपेशीय शैवाल), कोपेपॉड या बारीक कवचधारी प्राण्याची अंडी, माशांची अंडी, जे सापडेल ते गिळतो. रात्री पाणी हललं की निळा उजेड पाडतो. जुहूला मोबाइलवर काढलेले निळ्या लाटांचे व्हिडिओ मधूनच फिरतात ना, तिथे बहुतेक वेळा याचंच नाव घेतलं जातं.

आता हे शैवाल का प्राणी? फायकॉलॉजीवाले, म्हणजे शैवालांचे अभ्यासक, आपलं म्हणतात, प्रोटोझुऑलॉजीवाले, म्हणजे एकपेशीय प्राण्यांचे अभ्यासक, आपलं म्हणतात, आणि दोघांचे नामकरणाचे नियम वेगळे. शैवाल, बुरशी आणि वनस्पतींसाठी एक कोड, जो दर इंटरनॅशनल बॉटनिकल काँग्रेसला सुधारतात, 2011 ला मेलबर्न, 2017 ला शेन्झेन, 2024 ला माद्रिद. प्राण्यांसाठी दुसरा, त्याची चौथी आवृत्ती 1999 ची, 1 जानेवारी 2000 पासून लागू. वनस्पतींच्या नावांची सुरुवात धरतात 1753 पासून, प्राण्यांची 1758 पासून. डायनोफ्लॅजेलेट, युग्लीना वगैरे मंडळी दोन्ही घरांत राहतात, त्यामुळे एकाच जिवाला एका कोडनुसार एक आणि दुसऱ्यानुसार दुसरं नाव बरोबर ठरू शकतं, आणि असं काही गटांत खरंच झालंय. म्हणून सर आणि मॅडम दोघांनाही मनातून वाटत होतं की आपल्या डिपार्टमेंटचा कोड आपल्या बाजूने आहे. दोघांनीही तो उघडून बघितला नव्हता, हे माझं मत, त्यांना विचारलेलं नाही.

1810 का 1816

उघडून बघितलं तर इथे दोन्ही कोड एकच उत्तर देतात. जेम्स मॅकार्टनी नावाच्या आयरिश शरीररचनातज्ज्ञाने 1810 मध्ये रॉयल सोसायटीच्या फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्समध्ये चमकणाऱ्या प्राण्यांवर निबंध छापला. इंग्लंडमध्ये केंटच्या किनाऱ्यावर हर्न बे इथे त्याला हे दाणे सापडले होते. त्याला ते जेलीफिश वाटले, म्हणून त्याने नाव ठेवलं मेडुसा सिंटिलान्स. तिकडे फ्रान्समध्ये ल हाव्रला सुरिरे नावाचा एक डॉक्टर याच जिवावर काम करत होता, त्याने नॉक्टिल्युका मिलिआरिस म्हटलं. ते नाव छापून आलं 1816 मध्ये, लामार्कच्या अपृष्ठवंशीय प्राण्यांच्या ग्रंथात, सुरिरेच्या नावे. सुरिरेचा स्वतःचा पेपर तर 1836 चा.

म्हणजे गोत्रनाम, जीनस, नॉक्टिल्युका हे बरोबर, कारण हा जेलीफिश नाही आणि मेडुसात राहू शकत नाही. पण जातिनाम सिंटिलान्स सहा वर्षांनी जुनं. दोन्ही कोडांचा पाया एकच आहे, आधी छापलं त्याचं नाव. 1921 मध्ये कोफॉइड आणि स्वीझी यांनी कॅलिफोर्नियातून कवच नसलेल्या डायनोफ्लॅजेलेटांवर मोठा ग्रंथ काढला, त्यात त्यांनी मॅकार्टनीचं जातिनाम नॉक्टिल्युकाला जोडलं आणि नॉक्टिल्युका सिंटिलान्स तयार झालं. फरक असेल तर लिहिण्यात. बॉटनीवाले लिहिणार सिंटिलान्स, कंसात मॅकार्टनी, पुढे कोफॉइड आणि स्वीझी. झूऑलॉजीवाले लिहिणार सिंटिलान्स, कंसात मॅकार्टनी, स्वल्पविराम, 1810, जोडणी करणाऱ्याचं नाव त्यांच्यात लागत नाही. मुलीच्या थिसिसमध्ये तीन पानांवर तीन प्रकारे लिहिलं होतं, त्यातल्या एका ठिकाणी मॅकार्टनीचा कंस काढून टाकलेला, म्हणजे अर्थ असा निघतो की मॅकार्टनीनेच त्याला नॉक्टिल्युका म्हटलं होतं. कंस दिसायला लहान आहे, पण तो नसला की नावाचा प्रवासच गायब होतो.

सरांची बाजू

सरांना हट्टी म्हाताऱ्यात काढणं सोपं होतं आणि डिपार्टमेंटमध्ये दोघातिघांनी ते केलंही. पण त्यांचं म्हणणं नीट ऐकलं तर त्यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पहिली, "अगं, भारतातलं सगळं जुनं काम मिलिआरिस नावाखाली आहे, तू नाव बदललंस तर उद्याच्या मुलाला ते सापडणार कसं?" हे शंभर टक्के खरं आहे. मलबार किनाऱ्यावर मासेमारी अचानक का कोसळते यावर भीमाचार आणि जॉर्ज यांनी 1950 मध्ये लिहिलं, सूक्ष्म जीव माजून तांबड्या झालेल्या पाण्याचा संबंध जोडून, आणि त्या काळातलं आपल्याकडचं साहित्य शोधायला नुसतं सिंटिलान्स टाकून चालत नाही. फार जुनं कशाला, अरबी समुद्रातल्या नॉक्टिल्युकाच्या ब्लूमवर, म्हणजे एकदम भरमसाट वाढण्यावर, हेल्गा गोम्स आणि सहकाऱ्यांचा 2008 चा पेपर आहे त्याच्या शीर्षकात मिलिआरिस आहे, आणि त्याच गटाचा 2014 चा नेचर कम्युनिकेशन्समधला गाजलेला पेपर आहे त्यात सिंटिलान्स. तीच टीम, तोच समुद्र, तोच जीव.

दुसरी गोष्ट, सर म्हणाले की इतकी वर्षं वापरात असलेलं नाव असं काढून टाकता येत नाही, कोडमध्ये रूढ नावाला संरक्षण आहे. हेही खरं आहे, अर्धं. प्राण्यांच्या कोडमध्ये कलम 23.9 आहे. जुनं नाव 1899 नंतर कोणीच वैध नाव म्हणून वापरलं नसेल, आणि नवं नाव मागच्या पन्नास वर्षांत निदान दहा लेखकांनी निदान पंचवीस ठिकाणी वापरलं असेल, तर नवं नाव ठेवायचं. मिलिआरिसकडे दुसरी अट नक्की आहे. पण पहिली? कोफॉइड आणि स्वीझींनी 1921 मध्ये सिंटिलान्स वापरलं आणि त्यानंतर जगभर ते चालूच राहिलं, म्हणजे पहिल्याच अटीवर केस पडते. वनस्पतींच्या कोडमध्ये नाव राखून ठेवण्याचा, कन्झर्वेशनचा, रस्ता आहे, पण त्यासाठी रीतसर प्रस्ताव छापावा लागतो, समितीपुढे जावं लागतं, आणि सिंटिलान्स सगळीकडे रुळलेलं असताना तो प्रस्ताव पास व्हायचं काही कारण नाही.

हे मी सरांना फोनवर सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "1899 का?" तो प्रश्न मला आवडला. एखादी तारीख ठरवावी लागते म्हणून ठरवलेली आहे, दुसरं काही नाही, आणि नामकरणाच्या अर्ध्या भांडणांचा शेवट अशा ठरवलेल्या तारखेवरच होतो.

मग त्यांनी खरं दुखणं बाहेर काढलं. म्हणाले की आमच्या लोकांनी साध्या मायक्रोस्कोपवर डोळे फोडून केलेलं काम बाहेरचे लोक एका पेपरात पुसतात.

सुब्रह्मण्यन यांचं नाव

यावर मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती, आणि खरं म्हणजे अख्ख्या प्रकरणातली ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे म्हणून जरा लांबण लावते.

नॉक्टिल्युका दोन रंगांत येते. थंड आणि मध्यम तापमानाच्या समुद्रात लालसर, नारिंगी, जी फक्त खाऊन जगते. आणि आपल्याकडच्या उबदार पाण्यात, साधारण 25 ते 30 अंश सेल्सिअसला, हिरवी, जिच्या पेशीच्या आत हजारो बारीक हिरवे जीव पोहत असतात आणि आतल्या आत प्रकाशसंश्लेषण करून यजमानाला पोसतात. आतला जीव वेगळा, बाहेरचा वेगळा, त्यामुळे नावंही दोन लागतात.

1954 मध्ये आर. सुब्रह्मण्यन यांनी कालिकतच्या समुद्रात पाणी हिरवं झालेलं तपासलं आणि नॉक्टिल्युकाच्या पोटातल्या या पाहुण्याचं वर्णन इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या प्रोसीडिंग्जमध्ये छापलं. नाव दिलं प्रोटोयुग्लीना नॉक्टिल्युकी, नवा जीनस, नवी स्पीशीज. त्यांना तो युग्लीनाच्या कुळातला वाटला. (त्या पेपराच्या शीर्षकात यजमानाचं नाव नॉक्टिल्युका मिलिआरिस आहे, सरांनी हे लगेच दाखवून दिलं.)

पुढे 1976 मध्ये बिॲट्रिस स्वीनी यांनी, ज्या डायनोफ्लॅजेलेटमधल्या जैविक घड्याळावरच्या कामासाठी प्रसिद्ध आहेत, आग्नेय आशियातल्या नॉक्टिल्युकातला हा पाहुणा तपासला आणि सांगितलं की हा युग्लीनावाला अजिबात नाही, हा हिरव्या शैवालांतला पेडिनोमोनास आहे. नाव झालं पेडिनोमोनास नॉक्टिल्युकी, कंसात सुब्रह्मण्यन, पुढे स्वीनी. प्रोटोयुग्लीना हे जीनस समानार्थींच्या यादीत जाऊन पडलं आणि चाळीस वर्षं सगळ्यांनी पेडिनोमोनास लिहिलं.

मग 2016 मध्ये प्रोटिस्ट नावाच्या जर्नलमध्ये वांग आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. त्यांनी तीन जनुकांवरून वंशवृक्ष काढला आणि दिसलं की हा हिरव्या शैवालांतला आहे हे स्वीनी बरोबर म्हणाल्या, पण पेडिनोमोनास नाही, तो मार्सुपिओमोनाडेलीस या वेगळ्या ऑर्डरमध्ये बसतो. म्हणजे वेगळं जीनस हवं. नवं नाव काढायचं? नाही काढता येत, कारण या जिवासाठी एक जीनस 1954 पासून छापलेलं पडलंय. तर प्रोटोयुग्लीना नॉक्टिल्युकी परत आलं. तो युग्लीना नाही हे सगळ्यांना माहीत असून परत आलं, कारण नाव दिशाभूल करतं एवढ्यावरून ते बाद करता येत नाही, कोडमध्ये हे स्पष्ट लिहिलंय. आणि नव्या नावासोबत लॅटिन वर्णन हवं की नको यावरही कोणाला अडवता आलं नसतं, कारण शैवालांसाठी लॅटिनची सक्ती 1958 पासून सुरू झाली, पेपर त्याच्या चार वर्षं आधीचा. 2012 पासून इंग्रजीही चालतं, तो भाग वेगळा.

सुब्रह्मण्यन यांचं वर्गीकरण चुकलं होतं, तरी नाव टिकलं. लोकांना हे विचित्र वाटतं. पण नामकरण आणि वर्गीकरण ही दोन वेगळी खाती आहेत, जीव कुठल्या कुळातला यावर मत बदलत राहतं आणि नाव मात्र छापलेल्या कागदाला बांधलेलं असतं, ते बुडतं, पुसलं जात नाही. सर हे ऐकून खूश झाले आणि मला त्यांच्याकडची त्या पेपरची झेरॉक्स देऊ का म्हणाले.

मॅडमनी केलेलं फाइंड अँड रिप्लेस

आता दुसरी बाजू. मॅडमचं उत्तर बरोबर होतं, सिंटिलान्सच. पण त्यांनी त्या उत्तरापुढे जे केलं ते मला सरांच्या हट्टापेक्षा जास्त धोकादायक वाटलं. त्यांनी अख्खी एक्सेल शीट घेतली, ऑनलाइन डेटाबेसमधली आजची मान्य नावं बाजूला ठेवली आणि फाइंड अँड रिप्लेस मारलं. सगळ्या नावांना. मूळ नावाचा कॉलम ठेवला नाही. वेळ वाचला म्हणून मुलगीही खूश.

यात काय बिघडतं ते तीन नावांवरून कळतं. नॉक्टिल्युकाचं ठीक आहे, मिलिआरिसच्या जागी सिंटिलान्स टाकलं तर काही हरवत नाही, एकाच जिवाची दोन लेबलं आहेत.

सिरॅटियम घ्या, तीन शिंगांचं डायनोफ्लॅजेलेट, मुंबईच्या सॅम्पलमध्ये हमखास. गोड्या पाण्यातल्या आणि समुद्रातल्या सिरॅटियमांच्या कमरेच्या पट्टीत प्लेटांची संख्या वेगळी, सहा आणि पाच, म्हणून 2010 मध्ये गोमेझ आणि सहकाऱ्यांनी समुद्रातल्यांना निओसिरॅटियम नाव दिलं. मग लक्षात आलं की समुद्रातल्या गटासाठी बोरीचं ट्रायपॉस हे जुनं जीनस आधीच उपलब्ध आहे, तर 2013 मध्ये गोमेझनीच सगळ्यांना ट्रायपॉसमध्ये हलवलं. तीन वर्षांत एकाच दाण्याला तीन नावं, आणि अजून कित्येक जण सिरॅटियमच लिहितात, काही मुद्दाम लिहितात कारण त्यांना हे वेगळं करणंच पटलेलं नाही. इथे वाद मताचा आहे. सिरॅटियम फर्का लिहा किंवा ट्रायपॉस फर्का लिहा, दाणा तोच, फक्त कुठलं मत घेतलं ते एका ओळीत सांगा. मॅडमच्या शीटमध्ये मात्र काही ओळी निओसिरॅटियम आणि काही ट्रायपॉस झाल्या होत्या, म्हणजे परत एकदा दोन रेघा, परत एकदा कोणीतरी नाहीसं झालेलं.

आणि तिसरं स्केलेटोनेमा कोस्टाटम. हा डायटम, ठाण्याच्या खाडीपासून माहीमपर्यंत मुंबईच्या जवळजवळ प्रत्येक जुन्या अहवालात आहे, प्रदूषित पाण्याचा ओळखीचा गडी. 2005 मध्ये सार्नो, झिंगोने आणि सहकाऱ्यांनी या नावाखाली चालणारा माल इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली आणि जनुकांवरून तपासला, मूळ टाइप मटेरियलही, म्हणजे ज्या नमुन्यावरून नाव दिलं गेलं तो, बघितलं, तर एक स्पीशीज म्हणून जे लिहिलं जात होतं त्यात बऱ्याच निघाल्या, चार तर साफ नव्या, मारिनोई, डोर्नी, ग्रेथी, जपोनिकम. म्हणजे रजिस्टरमध्ये लिहिलेलं कोस्टाटम आज कुठली स्पीशीज आहे हे कुठलाही डेटाबेस सांगू शकत नाही. साध्या मायक्रोस्कोपवर मोजलेलं आहे, लेखकाला ते भेद तेव्हा माहीत असणं शक्यच नव्हतं. मॅडमच्या यादीत कोस्टाटम हे नाव आजही मान्य दिसलं म्हणून त्यांनी ते तसंच ठेवलं आणि हिरवी टिक मारली. नाव बदललं नाही पण त्या नावाचा अर्थ लहान झाला, आणि टिकेमुळे जुनी नोंद खात्रीची वाटायला लागली. जी नोंद सगळ्यात संशयास्पद तिलाच सर्टिफिकेट.

मी मॅडमना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग काय, सगळं रजिस्टर फेकून द्यायचं का?" नाही ना. म्हणूनच मूळ नाव ठेवायचं.

हे एवढं महत्त्वाचं का, तर नॉक्टिल्युका अरबी समुद्रात खरोखर वाढलीय का हा आज चालू असलेला, मोठा प्रश्न आहे. 2014 च्या त्या पेपरचं म्हणणं की हिवाळ्यात पूर्वी डायटमांचा ब्लूम यायचा, तिथे आता हिरवी नॉक्टिल्युका येते, आणि कमी ऑक्सिजनचं पाणी वर येतं हे त्याचं कारण. कारणावर इतर शास्त्रज्ञांनी हरकती घेतल्यात, वाद मिटलेला नाही. नॉक्टिल्युका खाणारे सॅल्प आणि जेलीफिशसारखे प्राणी, त्यांना आपले मासे फारसे खात नाहीत, म्हणून यात कोळ्यांच्या पोटाचा प्रश्न येतो. अशा वेळी मुंबई किनाऱ्यावरचं इतकं जुनं रजिस्टर म्हणजे सोनं आहे. त्यात एक खोटा बदल, जो फक्त नावातून आलाय, तो कोणाच्या तरी पेपरात खरा म्हणून गेला तर निस्तरायला दहा वर्षं लागतील.

शेवटी काय केलं

फाइल परत मुलीच्या पहिल्या टायपिंगवर नेली, नशिबाने तिने ती स्वतःला मेल केलेली होती. चार कॉलम केले. पहिल्यात रजिस्टरमध्ये जसं आहे तसं नाव, स्पेलिंगच्या चुकांसकट, याला हात लावायचा नाही. दुसऱ्यात आजचं नाव. तिसऱ्यात हे नाव कुठल्या प्रकारे बदललंय, नुसतं समानार्थी, की मताचा भाग, की स्पीशीज फुटलेली. चौथ्यात कोणी मोजलं आणि कुठल्या पुस्तकावरून ओळखलं, जेवढं कळतं तेवढं. चौथा कॉलम सरांमुळेच भरता आला, त्यांना अजून आठवतं कुठल्या बॅचकडे कुठलं की-बुक होतं. एक दुपार ते रजिस्टर घेऊन बसले, मुलगी शेजारी लॅपटॉप घेऊन, मॅडमनी चहा मागवला. नावावर कोणी बोललं नाही.

कोस्टाटमच्या सगळ्या ओळींपुढे सेन्सू लाटो लिहिलं, म्हणजे जुन्या, ढगळ अर्थाने. सिरॅटियम आणि ट्रायपॉसपैकी ट्रायपॉस घेतलं, तळटीप टाकून. मला स्वतःला सिरॅटियम ठेवलं असतं तरी चाललं असतं, पण मॅडमचा आग्रह होता आणि त्यात चूक काही नाही. नॉक्टिल्युका सिंटिलान्स, आणि मेथडमध्ये स्पष्ट वाक्य की पूर्वीच्या नोंदी आणि भारतीय साहित्य मिलिआरिस या नावाखाली आहे. कीवर्ड्समध्ये दोन्ही नावं. कीवर्ड्सची कल्पना सरांची, आणि ती सगळ्यात कामाची ठरली, खर्च शून्य.

नव्या ग्राफमध्ये नॉक्टिल्युकाची एकच रेघ आली, खालीवर होणारी, कुठलीही ठळक दिशा नसलेली. तीही पूर्ण भरवशाची नाही कारण मध्ये जाळीचा मेश, म्हणजे भोकांचा आकार, बदललाय. आणि हिरवी होती का लाल हे जुन्या नोंदींतून कळत नाही, कोणी रंग लिहिलाच नव्हता, आणि फॉर्मलिनमध्ये रंग उडतो. डिस्कशनमधला सांडपाण्याचा परिच्छेद मुलीने काढला. जरा हिरमुसली, साहजिक आहे, ती गोष्ट चांगली होती. पण एक्स्टर्नलने दुसऱ्यांदा फाइल बघितली आणि चार कॉलमच्या टेबलवरच बराच वेळ थांबले, ग्राफकडे गेलेच नाहीत जवळजवळ.

कपाटात जुन्या बाटल्या अजून आहेत. नॉक्टिल्युकाचं त्यातून काही निघणार नाही, ती नाजूक, केव्हाच आकसून फाटली असेल. डायटमांची कवचं मात्र सिलिकाची, ती बहुतेक टिकतात, म्हणजे कोस्टाटमचा निकाल त्या बाटल्यांतून लागू शकतो. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला तासाचे पैसे लागतात आणि डिपार्टमेंटकडे ते नाहीत, तर मॅडम सध्या प्रपोजल लिहितायत. सरांनी लेबलं वाचून द्यायचं कबूल केलंय, अट एकच, लेबलावर जे लिहिलंय तेच टाइप करायचं.